कपाटामागची याडी

घाटंजीजवळच्या तांड्यावरून बबिता रोज संध्याकाळच्या एसटीनं यवतमाळला जायची. एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती आणि सध्या तिला रात्रपाळी लागली होती. नवरा लखन ट्रकवर, म्हणजे सदा परगावी. चार वर्षांच्या बादलजवळ घरी फक्त आजा, धावजी.

आईशिवाय पोरगा झोपेना, म्हणून लखननं कपाटावर कॅमेरा बसवला. त्यातून बोलताही यायचं. शेजारी स्पीकर ठेवला. झोपायची वेळ झाली की दिवा आपोआप मंद व्हायचा आणि स्पीकर बबिताच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगायचा, "दात घास, शू करून ये, आज्याजवळ झोप." बादल निमूट ऐकायचा. बबिता दवाखान्यात कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटली.

एके रात्री पेशंटचा बीपी मोजून झाल्यावर तिनं मोबाइल उघडला. बादल कपाटासमोर उभा होता.

"याडी, भायेर ये नं," तो कपाटाला विनवत होता. आईला तो याडीच म्हणायचा.

"बेटा, मी यवतमाळले आहो. झोप बरं," बबिता मोबाइलमधून बोलली.

त्याचा चेहरा उजळला. त्यानं कपाट उघडलं, कपडे ओढून काढले, मग मागच्या फटीत हात घातला.

"कुठी हायेस? मले दिसून नाही राह्यली!"

"मी तिथं नाही रे राजा..."

तिचा आवाज आला की तो नव्या दमानं शोधायचा. पलंगाखाली, दाराआड. शेवटी त्यानं जमिनीवर अंग टाकून हंबरडा फोडला. धावजींनी त्याला उचललं, तर तो हातातून निसटू लागला.

"बबिता, तू बोलू नको," ते कॅमेऱ्याकडे बघत काकुळतीनं म्हणाले. "तू बोलली का तो अखीन शोधते."

बबितानं तोंडावर हात दाबून धरला. खाटेवरची म्हातारी पाणी मागत होती. तिनं पाणी दिलं.

तिनं दिवसपाळी मागितली. माणसं नाहीत, असं उत्तर मिळालं. फोनवर लखन म्हणाला, "होईल सवय त्याले."

धावजींनी स्पीकर काढून ठेवला. कॅमेरा मात्र तिनं राहू दिला. आता ती मोबाइल उघडते, तेव्हा बादल आज्याच्या मांडीवर बसून कपाटाकडे टक लावून पाहत असतो. ती त्याला डोळेभरून बघते आणि एक शब्दही काढत नाही.