डीकनचा गरीब स्वभाव

ओलीटाच्या तळहातावरची पेपरमिंटची गोळी घामानं चिकट व्हायला लागली होती — पांढऱ्यावर लाल पट्टे, कडेला कागदाचा कपटा तसाच — आणि नवा घोडा मात्र कुंपणापलीकडे कान मागं पाडून उभा. कागद चुरचुरला की तिचा जुना घोडा डीकन अख्खं कुरण ओलांडून यायचा, नुसत्या ओठांनी गोळी उचलायचा, दात म्हणून लागायचा नाही. हाही तोच... डीकनच्याच पेशीतून केलेला, तोच तांबूस रंग, तीच मान, फक्त कपाळावरचा टिळा जरा खाली घसरलेला. टिळा गर्भात ठरतो, पेशीत नाही, असं प्रयोगशाळेतल्या लोकांनी आधीच बजावलं होतं. टिळ्याचं ओलीटाला काहीच वाटलं नव्हतं. टिळ्यावर जीव लावायला ती काय वेडी होती?

"ये रे राजा," ती म्हणाली.

तो आला, आणि गोळी सोडून त्यानं दातांनी मनगटच धरलं; रक्त तळहातातल्या गोळीवर ओघळलं.

"चावला ना?" तिचा नवरा वर्लन कॉफीचा मग घेऊन पायरीवरूनच ओरडला. "हात दाखवून अवलक्षण! अंडील घोड्याला हातानं भरवतं का कोणी?"

"डीकन कधी चावला नाही."

"डीकनला आपण दोन वर्षांचा असतानाच खच्ची केला होता, बाई! तूच त्याचं डोकं धरून उभी होतीस."

उभी होते. शर्यतीत पिंपांना वळसे घालताना घोड्याचं लक्ष माद्यांकडे नको, म्हणून. आणि मग सगळं टेक्सास म्हणायचं, ओलीटाचा घोडा म्हणजे गाय आहे गाय! त्या गाईपणावरच तर ती भाळली होती. डीकन म्हातारा झाला तेव्हा वर्लननं त्याच्या मानेचा कातडीचा तुकडा काढवला, 'तुझा डीकन परत येईल, ओली' म्हणाला, आणि तिनं बापाची ओढ्याकाठची जमीन विकायला सही दिली. त्या जमिनीच्या पैशात काय काय आलं — परक्या घोड्यांची गर्भाशयं, मधेच गळून गेलेले गर्भ, बेंबी सुजून मेलेलं एक शिंगरू... आणि हा. याला पोटात वाढवणाऱ्या घोडीला नाव नव्हतं, मागच्या पुठ्ठ्यावर डागलेला नुसता आकडा. दूध तुटल्यावर तिला ट्रकमध्ये चढवली, तेव्हा ती वळणापर्यंत खिंकाळत गेली. तिला याची आई कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

"ट्रीस आज लस टोचायला येतेय," ओलीटा म्हणाली. "याचंही उरकून टाकू."

वर्लन हसला. "शहाणीच आहेस! अगं, डीकनचं बीज आपण कापून टाकलं, ते परत मिळावं म्हणून तर हा केला. आता तेच पुन्हा कापायचं? मग जमीन का विकली, तुला खेळायला घोडा हवा म्हणून?"

हो, म्हणूनच! पण असं ती कधीच मोठ्यानं बोलत नसे. लग्नानंतर शर्यती सोडाव्या लागल्या तेव्हाही नाही. ओलीचा स्वभाव गरीब, असं वर्लन चारचौघांत कौतुकानं सांगायचा.

खडीवर ट्रीसची गाडी वाजली. घोडा ओलीटाच्या नावावर होता. तिच्या एका शब्दाचं काम. सुरी लागली की हळूहळू कान पुढं येतील, ओठ मऊ होतील, डीकन परत येईल... तोच डीकन, जो पहिल्यांदाही असाच सुरीनं घडवला होता. आणि त्याच्या आधी तिथं कोण होतं? मनगट धरणारं, कान मागं पाडणारं कुणीतरी — आपण त्याला ओळखलंसुद्धा नाही, नुसतं डोकं घट्ट धरलं आणि पुढं जन्मभर त्याच्या गळ्यात पडून रडलो.

"काय गं ओलीटा, हाताला काय झालं?" पशुवैद्य ट्रीस पेटी घेऊन उतरली. "आज नुसती लस, की आणखी काही?"

वर्लन पायरीवरून बघत होता. घोडाही बघत होता. ओलीटानं ती रक्ताळलेली गोळी तोंडात टाकली आणि कडाकडा चावली; दाढा दुखल्या तरी चावत राहिली, कारण उघडलेल्या तोंडातून आता काय बाहेर पडेल याची तिची तिलाच खात्री नव्हती.