मोरेश्वर आणि कुरडयांचं विधेयक

मोरेश्वर देवपुजारी यांच्या नावावर आयुष्यात एकच कायदेशीर लिखाण होतं, आणि तेच त्यांच्या अंगलट आलं.

अ‍ॅशबर्न या अमेरिकन गावातल्या त्यांच्या कॉलनीच्या असोसिएशनच्या बोर्डावर ते दहा वर्षांपूर्वी निवडून आले होते. निवडून म्हणजे दुसरं कोणी उभंच नव्हतं. पण नागपूरचा माणूस, बोर्डावर बसल्यावर काहीतरी भरीव करणारच. कॉलनीतल्या देवांग शाहच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी गच्चीवर, पंचे वाळताना दिसले की त्यांना उगाच लाज वाटायची. म्हणून त्यांनी स्वतः नियम लिहिला: डेकवर कपडे किंवा खाद्यपदार्थ वाळत घालू नयेत. 'किंवा खाद्यपदार्थ' हे त्यांना ऐनवेळी सुचलं. तेव्हा ते स्वतःवर फार खूश झाले होते.

त्या वेळी ते बिनडेकच्या टाउनहाउसमध्ये राहायचे आणि नेत्रा, त्यांची बायको, कुरडया भारतातून आणायची. मग त्याच कॉलनीत मोठं घर झालं, ऐसपैस डेक आला, आणि गेल्या जूनमध्ये नेत्रानं गहू भिजवले. तीन दिवसांनी चीक काढून, शिजवून तिनं सोऱ्यानं चादरभर पांढऱ्याशुभ्र कुरडया घातल्या. आठवड्यात नोटीस आली. सोबत कुरडयांचा फोटो आणि खाली नियम, शब्दन् शब्द मोरेश्वरांचा.

"कुणी लिहिलंय हे?" नेत्रानं विचारलं.

"बोर्डानं," मोरेश्वर म्हणाले. पण खाली नियम केल्याची तारीख होती, आणि नेत्राची स्मरणशक्ती चांगली होती.

ते बोर्डाकडे गेले. नव्या अध्यक्षांनी आदरानं सांगितलं, "नियम इतका नेमका लिहिलाय की त्यातून पळवाट निघत नाही." एरवी ही तारीफ त्यांनी चार जणांना ऐकवली असती.

मग त्यांनी वॉशिंग्टनला, काँग्रेसमनच्या, म्हणजे खासदाराच्या, ऑफिसला तीन पानी ईमेल केला. अमेरिकेत वीस वर्षं राहून, नागरिक होऊन, दर निवडणुकीत मत देऊनही कायदे म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तिथल्या संसदेचा तो एकच पांढरा घुमट यायचा. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं: हा विषय राज्याचा, राज्याच्या राजधानीत, रिचमंडला विचारा.

रिचमंडच्या विधिमंडळात त्यांच्या भागातून निवडून गेलेल्या डेलिगेट बाई, म्हणजे आपल्याकडच्या आमदार, कोण हे त्यांना गुगल करावं लागलं. त्यांच्या ऑफिसात फोन तिथल्या मदतनीस इलानं उचलला. इला इथेच जन्मलेली, आईवडील ठाण्याचे.

"काका, असोसिएशनचे रूल्स स्टेट लॉच्या वर नसतात," ती म्हणाली. "स्टेटनं म्हटलं की बॅन करता येणार नाही, तर नाही येणार. We can write a bill."

"म्हणजे इतकं सोपं?"

"सोपं नाही. आधी सबकमिटी, मग कमिटी, मग पूर्ण हाउस, मग सिनेटमध्ये पुन्हा सगळं तेच, मग गव्हर्नरची सही. कुठेही अडकू शकतं."

जानेवारीत विधेयक दाखल झालं: उन्हात कपडे आणि खाद्यपदार्थ वाळवायला कोणत्याही असोसिएशनला बंदी घालता येणार नाही. मोरेश्वरांनी सबकमिटीपुढे बोलण्यासाठी चोवीस स्लाइड्स केल्या. इलानं सांगितलं, स्लाइड्स नाहीत, दोन मिनिटं मिळतील.

सबकमिटी सकाळी सातला होती. मोरेश्वर आणि नेत्रा पहाटे चारला निघाले. मोरेश्वरांना भव्य सभागृहाची अपेक्षा होती, निघाली ऑफिसच्या मीटिंग रूमसारखी खोली. आठ सदस्य कागदी कपातून कॉफी पीत होते. आधीच्या विधेयकाचा निकाल चार मिनिटांत लागला.

त्यांची दोन मिनिटं बरी गेली. सूर्य, वीजबचत, परंपरा, सगळं आलं. मग एका सदस्यानं विचारलं, "पण असा नियम करतं तरी कोण?"

खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. पण मागच्या रांगेत नेत्रा बसली होती.

"मीच केला होता, सर."

खोली हसली. सबकमिटीच्या अध्यक्षबाईसुद्धा हसल्या. मोरेश्वरांना ते हसणं आवडलं, सगळे आपल्या बाजूनं झाले असं वाटलं, आणि तिथेच ते सैल झाले. कारण कोपऱ्यातल्या वयस्कर सदस्यानं सहज विचारलं, "या पदार्थामुळे प्राणी वगैरे येतात का?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण मोरेश्वर डेटाबेसमधले. एखादा आकडा ठाऊक असला, की तो सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. "खारी येतात," ते म्हणाले. "गेल्या जूनमध्ये चार दिवसांत चौदा. मी नोंद ठेवली आहे. आणि एकदा रॅकून."

मागून नेत्राचा मोठा उसासा ऐकू आला.

वयस्कर सदस्यानं तिथल्या तिथे दुरुस्ती मांडली: 'आणि खाद्यपदार्थ' हे शब्द वगळावेत. विधेयक मांडणाऱ्या डेलिगेट बाईंनी मोरेश्वरांकडे एक नजर टाकली आणि दुरुस्ती मान्य केली, नाहीतर सगळंच विधेयक पडलं असतं. सात विरुद्ध एक मतांनी ते पुढे गेलं. मग हाउस, मग सिनेट, आणि वसंतात गव्हर्नरची सही. एक जुलैपासून कायदा लागू झाला. देवांगनं त्याच दिवशी डेकवर दोरी बांधली, पंचे टांगले आणि मोरेश्वरांना पेढे आणून दिले.

"काका, तुमच्यामुळे झालं," तो म्हणाला. मोरेश्वरांनी पेढ्यांचा डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

नेत्रानं त्या वर्षी कुरडया गराजमध्ये पंख्याखाली वाळवल्या. त्या नीट वाळल्या नाहीत. तळल्यावर फुलल्या नाहीत, दाताखाली कचकच लागल्या. मोरेश्वरांनी तक्रार न करता चार खाल्ल्या. "आधी कॉलनीत माझ्या कुरडयांना बंदी घातलीस," नेत्रा म्हणाली, "आणि आता रिचमंडला जाऊन त्यांना कायद्यातून बाहेर काढून आलास. एका माणसानं इतकं करणं सोपं नाही."

"पुढच्या सेशनला दुरुस्ती आणता येते," मोरेश्वर म्हणाले. "मी इलाशी बोलतो."

त्यांनी स्पीकरवर फोन लावला. इलानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आणू या ना, काका. डेलिगेट तयार आहेत. फक्त एक रिक्वेस्ट आहे. या वेळी काकूंना बोलू द्या."

मोरेश्वर काही म्हणायच्या आत नेत्रानं ड्रॉवरमधून कागद काढला आणि ओव्हनच्या टायमरवर दोन मिनिटं लावली.

"तू ऐक," ती म्हणाली, "आणि मध्ये बोलू नकोस."

मोरेश्वर खुर्ची ओढून बसले. एक मिनिट बावन्न सेकंदांत भाषण संपलं. त्यात खारीचा उल्लेख नव्हता.