पेट्रोल ओसंडलं आणि खापर माझ्यावर फुटलं

मित्रांनो, मी एक जुना कार्बोरेटर आहे. तुमच्यापैकी निम्म्यांनी माझं नावही ऐकलं नसेल, कारण आजच्या गाड्यांना माझी गरज उरलेली नाही. जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला भरवायची, हे माझं काम. माझ्या पोटात पेट्रोलची एक छोटी वाटी आहे. तिच्यात पितळी फ्लोट, म्हणजे एक पोकळ डबी, तरंगतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो, एका सुईला वर ढकलतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. फ्लशच्या टाकीत असतं ना, अगदी तसंच. त्या एवढ्याशा सुईच्या जिवावर मी आयुष्यभर ताठ मानेने जगलो.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला, पण मला खरं आयुष्य दिलं ते गुरांच्या एका डॉक्टरांनी. आडवेळी गाय अडली की त्यांना निघावं लागे, आणि गाडी सुरू झाली नाही असं माझ्यामुळे कधीच घडलं नाही. दर सुट्टीला ते मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुन्या चादरीच्या तुकड्यावर ठेवून साफ करत. शेजारी त्यांची मुलगी बसलेली असे. "याच्यावर विसंबून मी कुठेही जाईन," असं ते तिला सांगत. खोटं कशाला बोलू, अशा वेळी माझी छाती फुगायची.

डॉक्टर गेले आणि गाडी कितीतरी वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली. मीही आतून चिकट होऊन गेलो. मग त्यांच्या मुलीने आणि मुलाने गाडी पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. मुलगी, म्हणजे ताई, दातांच्या कवळ्या बनवते. धाकटा भाऊ केस पिकले तरी तिच्या तोंडी अजून छोट्याच. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता, की बाबांच्या गाडीतला एक स्क्रूसुद्धा दुसऱ्याला विचारल्याशिवाय बदलायचा नाही. ताईने कवळ्यांच्या नाजूक ब्रशने माझं एकेक भोक मोकळं केलं. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा ती रडली आणि छोट्याने तिला उचलून गोल फिरवलं. मला वाटलं, चला, म्हातारपण सुखात जाणार.

पण छोट्याला दम कुठला? गाडी काही दिवस उभी राहिली की सुरू व्हायला वेळ घ्यायची, आणि चारचौघांत त्याला त्याची लाज वाटायची. एक दिवस बॉनेट उघडं टाकून तो फोनवर बोलत होता. "मागे टाकीजवळ बसवलाय इलेक्ट्रिक पंप. पेट्रोल जोरात ढकलतो, किल्ली फिरवली की गाडी सुरू. आवाजही येत नाही. इंजिनाजवळचा जुना पंप आहे तिथेच ठेवलाय, म्हणजे कुणाला संशय नको. फक्त ताईला बोलू नकोस हं, ती माझी सालं काढेल."

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. पेट्रोल असं धाडधाड येऊ लागलं, की माझी सुई दार लावायची आणि ते तिला मागे लोटून आत घुसायचं. वाटी भरून वाहू लागली. प्लग भिजले, सायलेन्सरमधून काळा धूर निघाला, शेडभर वास सुटला.

"कार्बोरेटर फ्लड होतोय गं," छोट्या म्हणाला. "म्हातारा झालाय तो."

ताईने मला उतरवलं. फ्लोट कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलंय का ते ऐकायला. मग तो गरम पाण्यात बुडवला; एक बुडबुडा आला नाही. सुई बदलली, नळीत तोंडाने फुंकून पाहिलं. वाट घट्ट बंद. मला परत बसवलं, किल्ली फिरवली, आणि मी पुन्हा वाहू लागलो. तिने हे सगळं पुन्हा केलं, मग पुन्हा. शेवटी ती कपाळावर हात मारून बसली.

"छोट्या, घोडं पेंड कुठे खातंय तेच कळत नाही. तू काही बदललंयस का?"

"छे! तुला विचारल्याशिवाय? शपथ!"

मित्रांनो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

ताईने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मग दोषी उरलो मी एकटा. नवा कार्बोरेटर आला आणि मी फळीवर गेलो. तिथून मी सारं पाहिलं. ताई चहा करायला घरात गेली, तसा छोट्या गाडीखाली सरपटला. मागचा पंप काढला, नळी पूर्ववत जोडली आणि पंप आपल्या पिशवीत दडवला. नवाही वाहू लागला असता तर त्याचं बिंग फुटलं असतं. आता मला परत बसवलं असतं तरी गाडी सुरळीत चालली असती. पण मग ताईने विचारलं असतं, कालपर्यंत का चालत नव्हती? म्हणून माझा बळी देणं त्याला सोपं वाटलं. चोर सुटला आणि संन्यासी सुळावर गेला!

गाडी छान सुरू झाली. एक थेंब सांडला नाही. ताईने नव्याचं तोंडभरून कौतुक केलं, मग मला खाली काढून मऊ फडक्यात गुंडाळलं.

"बाबांनी तुला किती जीव लावला. मी लावला. आणि तूच दगा दिलास," ती म्हणाली.

छोट्या खांद्याला पिशवी लावून दारातच उभा होता. मला वाटलं, आता तरी बोलेल.

"जाऊ दे ना ताई," तो म्हणाला. "जुनं ते शेवटी जुनंच."

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, असं तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मला तर जपलंच होतं, तरी माझा केसाने गळा कापला गेला. म्हणून माझं मागणं वेगळं आहे. काही बिघडलं आणि कुणी विश्वासाने विचारलं, "तू काही केलंस का?" तर खरं सांगा, मग ओरडा बसला तरी चालेल. ओरडा दोन घटकांत विरतो. ताई मात्र अजून माझ्यावर रागावलेली आहे, आणि दर सुट्टीला छोट्याच्या शेजारी बसून हसत फिरायला जाते.