घराचा चार्ज

नळ खाकरला.

सामान हलवलेल्या त्या स्वयंपाकघरात आवाज इतका अचानक घुमला की आमची ठकी धावत येऊन माझ्या पायाला चिकटली. आधी एक उचकी, मग दोन-तीन कोरडे ठसके, मग गढूळ पाण्याची एक चूळ, आणि पुन्हा सगळं चिडीचूप.

"घाबरायचं नाही," ऑपरेटरकाका तिला म्हणाले. "पाइपात हवा आहे. वीसपर्यंत आकडे म्हण बघू."

ठकीला पंधरापर्यंतच धड येत होते. पंधरानंतर तिने थेट वीस गाठला, तरी पाणी आपल्या वेळेला आलंच. काकांनी बोटांनी धार चाचपली आणि ते माझ्याकडे वळले.

"आता सिस्टर, तुम्ही सांगा. वीस आकडे झाले आणि पाणी आलंच नाही, तर?"

"वरच्या टाकीची जाळी बघायची. पाला अडकला असणार."

"जाळी साफ असली तर?"

"पाइपावरची दोन नंबरची चावी."

काकांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि एका ओळीपुढे बारीकशी खूण केली. वहीत अशा एकतीस ओळी होत्या. एकतिसावीपुढे खूण झाली, की घर आमचं.

खरं तर कागदोपत्री ते महिनाभरापूर्वीच आमचं झालं होतं. डोंगराच्या कुशीतलं तीन खोल्यांचं घर, वर पत्रा, मागे उतार अडवून धरणारी दगडी भिंत, पुढे पायऱ्या. इथल्या दवाखान्यात मला नोकरी लागली तेव्हा शहरात लग्नानंतरचं आमचं चौथं भाड्याचं घर चालू होतं. नवऱ्याचं काम कॉम्प्युटरवरचं, ते कुठूनही होण्यासारखं. पाच वर्षांची ठकी कुठेही गेली की यजमानांना आधी विचारायची, "तुमच्याकडे भिंतीला खिळा ठोकलेला चालतो?" आपलं घर हवं होतं आणि ते इथेच परवडत होतं. खरेदीच्या कागदात दलालाने शेवटी एक ओळ वाचून दाखवली होती: विकणारा ताबा देईल तो चार्ज देऊन झाल्यावर. "म्हाताऱ्याचा हट्ट आहे, करा सही," तो हसून म्हणाला होता. आम्हीही हसून केली.

त्या ओळीचा अर्थ इथे आल्यावर कळला. काकांनी चौतीस वर्षं खाली दरीतल्या पंपहाऊसवर काढली होती. नदीचं पाणी वरच्या वस्तीला चढवायचं, दिवसाच्या तीन पाळ्या. पाळी संपली म्हणून उठून चालू पडायचं, असं तिथे नव्हतं. येणाऱ्याला एकेक मीटर, एकेक चावी दाखवायची. त्याने ते सगळं परत म्हणून दाखवायचं, "समजलं" म्हणायचं, वहीत सही करायची. मग जाणारा मोकळा. येणारा आलाच नाही, किंवा आला आणि "समजलं नाही" म्हणाला, तर जाणाऱ्याने जायचं नाही. सगळी वस्ती त्यांना अजून ऑपरेटर म्हणूनच हाक मारायची.

"पंपाचा चार्ज अर्ध्या तासात द्यायचो मी," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "घराचं तसं नसतं. त्यातून तुम्ही शहरातली माणसं. महिना धरा."

महिनाभर थांबणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं. आम्ही वस्तीतल्या दुकानाच्या वरच्या एका खोलीत पथारी टाकली होती. भिंतींना ओल इतकी की कपडे दोरीवर वाळण्याऐवजी आणखी भिजायचे, आणि ठकीचा खोकला काही केल्या हटत नव्हता. आठवड्याने मला दवाखान्यात रुजू व्हायचं होतं.

त्यात त्याच दिवशी काकांच्या लेकीचा फोन आला. ती शहरात राहते, वडिलांना न्यायला तिने एक खोली तयार ठेवली होती. मला म्हणाली, ताई, तेवढं लवकर शिकून घ्या हो. गेल्या थंडीत बाबा मागच्या पायरीवरून घसरले आणि सकाळपासून तिथेच पडून होते, दुपारी दूधवाला आला तेव्हा कळलं. यंदाची थंडी पडायच्या आत मला ते इथे हवेत. मी महिन्याचं सांगितल्यावर ती हसायला लागली. "माझा जन्म झाला तेव्हाही हे पंपावरच होते. बदली माणूस आला नव्हता ना. आई म्हणायची, लेक आठ तासांची झाल्यावर बापाने तोंड पाहिलं. त्यांना कुणी सोडवल्याशिवाय ते सुटत नाहीत, ताई. तुम्हीच सोडवा."

मग मी पदर खोचला. आम्हा नर्सांना हे काही नवीन नाही. पाळी बदलताना आम्हीही ओव्हर देतो, ओव्हर घेतो. कुणाचं सलाईन कधी संपतंय, कुणाची जखम ओली आहे, कोण रात्रभर कण्हत होतं. चाळीस खाटांचा वॉर्ड मी पंधरा मिनिटांत डोक्यात साठवून घेतलेला आहे. एका घराची ती काय कथा!

आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. काका घर दाखवायचे ते एखाद्या जुन्या दुखणेकऱ्याची ओळख करून द्यावी तसं. मागचं दार ओल्या हवेत फुगतं, त्याला ढकलायचं नाही, गुडघ्याने जरा उचलून मग ओढायचं. पत्रा वाऱ्यात टकटक वाजला तर वाजू द्यावा. पण खर्रकन आवाज आला तर खिळा सुटलाय, उजाडताच वर चढायचं. थंडी कडक पडली की अंगणातला नळ पुरता बंद करायचा नाही, सुतासारखी धार चालू ठेवायची. वाहतं पाणी गोठत नाही. बंद केलं की पाइप फुटलाच.

मागच्या भिंतीला खालच्या अंगाने सात भोकं होती. पावसाळ्याआधी त्यांतून सळई घालून माती काढायची.

"ही भिंत पाणी टाकते तोवर बरी," काका म्हणाले. "टाकायची थांबली, की समजायचं पोटात साठतंय."

"म्हणजे ऑपरेशननंतर पोटाला नळी ठेवतात, तसं."

काका थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत कुणाला हे पहिल्या झटक्यात कळलं नव्हतं." मला शाळेत बाईंनी वहीवर तारा काढून दिल्यासारखं झालं.

नवऱ्याची प्रगती बेताची होती. मधल्या दाराची चौकट बुटकी, तिला त्याचं कपाळ रोज दोनदा भेटायचं. "साहेब, वाकायचं," काका दरवेळी सांगायचे, तेही आपटून झाल्यावर. जावयालाही पंधरा वर्षांत जमलं नाही, असं म्हणून त्याची समजूत घालायचे. दोन नंबरच्या चावीशी त्याचं हाडवैर जमलं. ती उलटी फिरते, घट्ट करायला डावीकडे, सैल करायला उजवीकडे. त्याने तिसऱ्यांदा चुकीची फिरवली आणि स्वतःलाच आंघोळ घातली, तेव्हा ठकी आणि काका पायरीवर बसून इतके हसले की काकांना खोकला लागला. ठकीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या खोकल्याला मी फिरवते तसा.

मी मात्र एकही चूक करत नव्हते. विचारायचा अवकाश, माझं उत्तर तयार. दुकानावरच्या त्या ओल्या खोलीत ठकीला थोपटतानाही मनात एकतीस ओळींची उजळणी चालू असायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काका ओसरीवर खुर्ची टाकून बसले. ऊन समोरच्या डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. "हं, सिस्टर," ते म्हणाले, "म्हणून दाखवा सगळं."

मी उभ्याने, हात मागे बांधून म्हणून दाखवलं. टाकीपासून धुराड्यापर्यंत, कुठेही न अडखळता. दरीकडून वारा सुटला तर खिडक्या कुठल्या क्रमाने लावायच्या, ते काकांनी अजून सांगितलंही नव्हतं; ते लावताना मी बघितलं होतं, तेही म्हणून टाकलं. ते एकेक खूण करत गेले. सुरुवातीला हात भराभर चालत होता. पुढे पुढे ते प्रत्येक खुणेआधी पेन्सिल जिभेला लावायला लागले.

एकतिसावी खूण झाली. काकांनी वही मांडीवर उपडी ठेवली.

"काही शंका?"

"नाही काका. एकही नाही."

मी हसत होते. कौतुकाची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू? काका माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, नाराजीही नव्हती. ओपीडीत शेवटचा पेशंट आपला नंबर यायची वाट बघत बसतो आणि खिडकी बंद होते, तेव्हा तो कुणाला काही बोलत नाही, नुसता पिशवी उचलतो. तसे ते दिसले. महिना धरा म्हणाले होते. महिन्यातला आजचा तिसरा दिवस होता.

नवऱ्याच्या ते माझ्याआधी लक्षात आलं असावं. "मला ती दोन नंबरची चावी अजून नीट कळली नाही, काका," तो घाईघाईने म्हणाला. "आणि ते धुराड्याचंही जरा..."

"साहेब, एकाला समजलं की चार्ज दिला गेला," काका म्हणाले. "नियम आहे." त्यांनी वही माझ्यापुढे केली. मी सही केली. त्यांनी खाली वेळ लिहिली, पाच वाजून पन्नास मिनिटं. मग उठून त्यांनी किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या.

"चार्ज घेतलेल्याने जागा सोडायची नसते," ते म्हणाले. "अंथरुणं घेऊन या. लेकीला मी फोन करतो."

त्या रात्री आम्ही आमच्या घरात झोपलो आणि काका पाहुणे होते. चार्ज दिला म्हणजे दिला, हा नियम मी समजत होते तसा नुसता बोलण्यापुरता नव्हता. सही झाल्यापासून त्यांनी कशाला हात लावला नाही. पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, पेलाभर पाणी मिळेल?" वारा सुटला, खिडकी आपटायला लागली, तर ते खुर्चीत तसेच बसून राहिले. हात मात्र गुडघ्यांवर घट्ट धरलेले. मी धावत जाऊन आधी दरीकडची, मग मधली, मग छोटी अशा क्रमाने खिडक्या लावल्या. शेवटची लागल्यावर त्यांनी हात सैल सोडले.

"एखादी शंका तरी काढायची होतीस," ठकी झोपल्यावर नवरा हळू आवाजात म्हणाला.

"तू काढलीस की."

"माझ्याकडे एकतीसच्या एकतीस होत्या. पण माझ्या धरल्या कुणी?"

हसू आलं आणि लगेच गेलंही. उद्या सकाळी म्हणावं का, की मी विसरले, पुन्हा पहिल्यापासून सांगा? चार दिवस मिळाले असते. आठवडासुद्धा. पण त्यांना ते खोटं लगेच कळलं असतं, आणि चार्ज घेणाऱ्याने खोटं बोलणं त्यांना जाण्यापेक्षा जड गेलं असतं. शिवाय मागची ती पायरी होती. येऊ घातलेली थंडी होती. लेकीचा फोन होता. तिने सोडवायला सांगितलं होतं आणि मी सोडवलं होतं. कुणाचं काही चुकलं नव्हतं, तरी मला झोप येईना.

सकाळी लेक जीप घेऊन आली. काकांसारखीच उंच, बोलायला मोकळी. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि ते बराच वेळ सोडले नाहीत. बाबांच्या दोन पेट्या आणि एक गाठोडं तिने स्वतः उचलून ठेवलं. सहाव्या मजल्यावरची खोली, खाली बाग, लिफ्ट आहे, असं ती त्यांना सांगत होती. "तुम्हाला काही म्हणजे काही बघावं लागणार नाही, बाबा. बटण दाबलं की सगळं होतं." काका मान डोलवत होते. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवताना पेशंट डोलावतात तशी.

निघताना ते अंगणात थांबले. पहाटे मी कपडे धुतले होते आणि नळ नीट पिळला गेला नव्हता. टोकाशी थेंब जमत होता, पडत होता, पुन्हा जमत होता. काका त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "पाणी वाया जातंय."

मी जाऊन नळ बंद केला. थेंब थांबेपर्यंत ते बघत राहिले. मग ठकीच्या डोक्यावर हात ठेवला, नवऱ्याला "साहेब, वाकायचं," म्हणाले आणि पायऱ्या उतरून जीपमध्ये बसले. लेकीने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही, पण तो मागेही घ्यायला लावला नाही. उतरताना तो तिथे असू दिला.

जीप पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली, दुसऱ्या वळणावर खाली पुन्हा एकदा दिसली, छोटी, आणि मग नुसता आवाज राहिला. तोही गेला. नवरा आत गेला. चौकटीला काही लागल्याचा आवाज आला नाही.

ठकी माझं बोट धरून उभी होती. तिचा काहीतरी हिशेब चालू होता.

"आई, आजोबांनी घराचा चार्ज आपल्याला दिला ना?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

तिने रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, मग मान वर करून माझ्याकडे.

"मग आता त्यांच्याकडे कशाचा चार्ज आहे?"