चित्रातला पत्ता

बाबा गेल्यावर त्यांचा मेलबॉक्स माझ्या वाट्याला आला. अंध वाचकांसाठी ते पुस्तकं मोठ्यानं वाचून ध्वनिमुद्रित करत आणि वेबसाइटवर ठेवत. पानाच्या तळाशी त्यांच्या पूर्ण नावाचा ईमेल पत्ता होता. श्रोते त्यावर पुस्तकं मागत, उच्चारांच्या चुका काढत. पण पत्ते वेचत फिरणाऱ्या यंत्रांनीही तो केव्हाच उचलला होता. रोज सकाळी मी कर्जाच्या, गोळ्यांच्या, लॉटरीच्या मेलांचा ढीग उपसायची. प्रत्येक मेल बाबांना नावानिशी हाक मारून सुरू व्हायचा.

शेवटी दादाला म्हटलं, "मला नाही होत हे आता."

"काढून टाकू पत्ता?"

"आई घर डोक्यावर घेईल."

मग त्यानं जुना पत्ता बंद केला, बाबांच्याच नावाचा नवा घेतला आणि त्याचं चित्र करून पानावर लावलं. माणसाला दिसेल, यंत्राला वाचता येणार नाही. वर बाबा गेल्याच्या दोन ओळीही लिहिल्या.

ढीग थांबला. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारायची, "आज कोणाचं काही?"

"नाही."

"इतकी वर्षं घसा कोरडा केला यांनी. विसरले बघ लोक."

वाद घालण्याचं त्राण माझ्यात नव्हतं. मलाही तसंच वाटू लागलं होतं.

मग घरी एक फोन आला. बाबांचे जुने श्रोते, एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर.

"ताई, बातमी वाचली. दोन शब्द लिहायचे होते, पण लिहू कुठे? जुन्या पत्त्यावरून मेल परत येतो. नव्याच्या जागी माझा कॉम्प्युटर नुसता 'चित्र' म्हणतो आणि गप्प बसतो. आम्ही सगळे एकमेकांना विचारतोय, पत्ता कोणाला सापडला का. म्हटलं, मास्तर जाता जाता डोळसांना फितूर झाले की काय!"

मला हसूही येईना. पान वाचून दाखवणारं त्यांचं यंत्रही आम्ही भामट्यांबरोबर दाराबाहेर ठेवलं होतं.

मी लगेच दादाला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "माझ्या डोक्यातच आलं नाही गं. पत्ता तुकड्यांत ठेवतो. पान उघडलं की ब्राउझर तो जोडेल, त्यांच्या कॉम्प्युटरला वाचता येईल. वेचणारी बहुतेक यंत्रं तेवढं थांबत नाहीत."

"बहुतेक?"

"थोडा कचरा येईल."

"येऊ दे."

दुपारी ऑपरेटरकाकांना फोन केला. त्यांनी रिसीव्हर कॉम्प्युटरपाशी धरला. सपाट, घाईच्या आवाजात बाबांचं नाव ऐकू आलं.

"बरोबर आहे ना, ताई?"

"हो. बरोबर आहे."

संध्याकाळपर्यंत मेल येऊ लागले. आई घड्या अर्धवट टाकून शेजारी बसली. मी एकेक मोठ्यानं वाचत गेले. कोणी रडलं होतं, तर कोणी बाबा संवाद फार भरभर वाचत म्हणून अजून कुरकुरत होतं. मधेच एक लॉटरी निघाली.

"किती लागली यांना?" आईनं विचारलं.

मी आकडा सांगितला.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढचं वाच."