धाडसी बादली

"निळा! निळा झाला!" कारखान्याच्या चिमणीखाली एकच गलका. माझ्या दाजींच्या जिभेवरचा जांभळा कागद निळा झाला होता. सगळे रंगारी टाळ्या पिटत होते.

"धाडसाचा जीन! धाडसाचं जनुक!" पांढऱ्या कोटातला जीनवाला गरजला. "याचा तोल रक्तातच आहे. याला सुरक्षा पट्टा कशाला? लाल कागदवाल्या भित्र्यांनी बांधावा!"

ठेकेदार खूश. पायरीपायरीला पट्ट्याची कडी अडकवण्यात वेळ जातो, म्हणून तर त्याने हे ध्यान आणलं होतं.

"दाजी, पट्टा!" मी ओरडलो.

"गप रे! हे विज्ञान आहे." पट्टा माझ्या अंगावर फेकून ते शिडीकडे निघाले. साठ मीटर उंची. माझ्या बहिणीला सातवा महिना.

मी मात्र सकाळपासून डोळे उघडे ठेवून होतो. कागद लावण्याआधी जीनवाला प्रत्येकाला चूळ भरायला लावायचा. ज्यांना वर चढवायचं त्यांना पांढऱ्या झाकणाची बाटली, बाकीच्यांना काळ्या झाकणाची. आता तो भाषणाच्या नादात असताना मी दोन्ही चाखल्या आणि गुपचूप झाकणं बदलली.

दाजींचा पाय तिसऱ्या पायरीवर.

"दाजी, परत तपासा की! का फाटली?"

झालं! डिवचलं की दाजी मागे वळणारच. तरातरा उतरले, पांढऱ्या झाकणाची बाटली उचलून चूळ भरली, कागद लावला.

लालभडक!

"उन्हाने... जीन दमतो कधीकधी," जीनवाला पुटपुटला.

"पाच मिनिटांत?" मी दुसरा कागद साबणाच्या बादलीत बुडवला. निळा! "घ्या! बादली धाडसी निघाली. चढवा तिला वर, बिनपट्ट्याची!"

हशा पिकला. दाजी तेवढे हसले नाहीत. ते वर बघत होते.

"एका बाटलीत सोडा, दुसरीत लिंबू," मी म्हणालो. "सोड्याने कागद निळा, लिंबाने लाल. जीनचा संबंधच नाही!"

जीनवाला बाटल्या टाकून पळाला. ठेकेदार फोन कानाला लावून सटकला. फोन वाजलाच नव्हता.

बहीण लॅबमध्ये कामाला आहे. ती सांगते, धाडसामागे हजारो जीन असतात, एकेकाचा परिणाम चिमटीएवढा. वय, सवय, संगत यांचा वाटा वेगळाच. तो हिशेब थुंकीच्या कागदावर उमटत नाही. आणि समजा उमटला, तरी पडणाऱ्याला जमीन विचारते का, तुझा कागद कुठला म्हणून?

दाजींनी पट्टा बांधला, कडी अडकवली आणि पाठ माझ्याकडे केली. आमची जुनी रीत, जोडीदाराने दोनदा ओढून बघायचं.

"ओढ," ते म्हणाले. "जोरात ओढ."