मुकादमबाईंची पहिली फेरी
धक्क्यावरच्या क्रेनवाल्यांत दोनच पक्ष होते, व्हिस्कीवाले आणि बिअरवाले, आणि दोघांचं अगदी विळ्याभोपळ्याचं सख्य. बोट रिकामी करायला सगळे एक. ग्लास भरायची वेळ आली की झालीच सुरुवात! त्यात त्यांचा एक जुना रिवाज होता. नव्या मुकादमाच्या मानाचं जेवण व्हायचं आणि पहिल्या फेरीला तो जे पिईल तेच सगळ्या टोळीनं प्यायचं. मग त्या पक्षाची मिजास पुढचा मुकादम येईपर्यंत काही उतरायची नाही.

यंदा मुकादम झाली एक बाई. उंच केबिनमध्ये बसून ती कंटेनर असा अलगद ठेवायची, जसं झोपलेलं पोर गादीवर ठेवावं. कामात नाव ठेवायला जागाच नव्हती. पण भोंग्याचं तोंड कोण धरणार? भोंगा म्हणजे टोळीतला सगळ्यात जुना गडी, आवाजावरून नाव पडलेला, व्हिस्कीवाल्यांचा म्होरक्या. "आता या वयात बाईचे हुकूम ऐकू होय?" असं तो चारचौघांत म्हणाला होता. तिला तो 'वहिनी' म्हणायचा, मुद्दाम. त्याचं बघून बाकीचेही वहिनीच म्हणू लागले. आता वहिनीचा हुकूम कोण मानतंय? कामावर उशिरा आले तरी "असू द्या हो वहिनी" म्हटलं की हे मोकळे! आजच्या जेवणात हे मोडलं नाही तर कधीच मोडणार नाही, हे ती ओळखून होती.

जेवणाला नवराही बरोबर होता. चष्म्याच्या दुकानात कामाला, गरीब स्वभावाचा आणि बिअरचा निस्सीम भक्त. व्हिस्की प्यायची ती! पण कुठल्याही हॉटेलात गेलं तरी वेटर न विचारता व्हिस्की ह्याच्यापुढे आणि बिअर तिच्यापुढे ठेवायचा. वेटरची पाठ वळली की दोघं गुपचूप ग्लास बदलायचे. नवऱ्याला लाज वाटायची, लोक हसतील म्हणून. तीही म्हणायची, जाऊ दे, कशाला वाद! लग्न झाल्यापासून हेच चाललं होतं.

आजही नवऱ्यानं सवयीनं सांगितलं, "एक व्हिस्की, एक बिअर." आणि वेटरनं सवयीनंच बिअर तिच्यापुढे ठेवली.

झालं! बिअरवाल्यांनी टेबल बडवून हॉटेल डोक्यावर घेतलं. "बिअर! सगळ्यांना बिअर!" भोंग्यानं कपाळाला हात लावला. "मी सांगत नव्हतो? बाई आणली की हेच होणार!"

नवरा कासावीस होऊन तिच्याकडे बघू लागला. सगळ्यांचे डोळे त्या दोन ग्लासांवर. गुपचूप बदलणार तरी कसे? एक घोट बिअर घ्यायची आणि गप्प बसायचं, किती सोपं होतं! पण मग जन्मभर वहिनीच राहायचं. तिला स्वतःचाच राग आला.

"थांबा," ती म्हणाली. सगळ्यांच्या देखत तिनं बिअरचा ग्लास उचलून नवऱ्यापुढे ठेवला आणि व्हिस्कीचा आपल्याकडे ओढला.

नवरा कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं ग्लास चांगला उंच धरला आणि म्हणाला, "माझीच आहे ही. पहिल्यापासून माझीच होती." असं मोठ्यानं बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की काय सांगावं!

तिनं सावकाश एक घोट घेतला, तोंड जरासुद्धा वाकडं न करता. "टोळीला व्हिस्की आणा. सगळ्यांना."

"असू द्या हो वहिनी," बिअरवाल्यांतला एक जण कळवळला, "आम्हाला नाही झेपत ती—"

"वहिनी कोणाला म्हणतोस रे?" भोंगा असा गरजला की वेटरच्या हातातला ट्रे हलला. "मुकादम आहेत त्या! मुकादमांनी सांगितलं ना? मग मुकाट्यानं प्यायची!"

आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं, पण तोवर सगळं टेबल हसून लोळत होतं. माघार घ्यायला तोंड उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला घ्यायचीही नव्हती. नवा मुकादम व्हिस्कीवाल्यांचा निघाला होता हो! तो उठला, पाण्याचा जग घेऊन तिच्या खुर्चीशी आला.

"मुकादम, पाणी घालू?"

"थोडंसं," ती म्हणाली. "आणि सोमवारी वेळेवर या."

"येतो, मुकादम."